पाचव्या चाकावरचं हलकं घर

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या हायवेवर एक जोडगोळी तुम्ही नक्की पाहिली असेल. पुढे पिकअप ट्रक असतो. मागे चाकांवरचं लांबलचक घर असतं. पण हे घर बाकीच्या ट्रेलरसारखं बंपरच्या मागे जोडलेलं नसतं. त्याचा पुढचा भाग उंच असतो, उंटाच्या मानेसारखा पुढे आलेला, आणि ती मान ट्रकच्या हौद्यात टेकलेली असते. हौदा म्हणजे पिकअपचा मागचा, सामान ठेवायचा उघडा भाग. अशा घराला फिफ्थ व्हील म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर पाचवं चाक.

पण चाकं मोजलीत तर हिशोब जुळत नाही. ट्रकची चार, ट्रेलरची बहुतेक वेळा चार. मग पाचवं कुठलं? हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकांची घोडागाडी वळवायची, तर पुढची दोन चाकं आधी वळली पाहिजेत. म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे आसावर, लोखंडाचं एक गोल कडं आडवं बसवत. गाडीचा पुढचा भाग या कड्यावर फिरायचा. ते कडं चाकासारखं गोल, पण जमिनीला कधी न टेकणारं. तेच पाचवं चाक. घोडे गेले, मोटारी आल्या, नाव मात्र राहिलं. आज ट्रकच्या हौद्यात लोखंडाची एक जाड पाटी बसवतात. तिला मागच्या बाजूने खाच असते. ट्रेलरच्या मानेखाली एक जाडजूड खिळा असतो, त्याला किंगपिन म्हणतात. तो खिळा खाचेत शिरला की आतले जबडे त्याला घट्ट धरतात. या सगळ्या यंत्राला हिच म्हणतात.

‘हलका’ कॅम्पर ही कल्पनाही नवी नाही. विमानं बनवणारे प्रसिद्ध अमेरिकन संशोधक ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकात ‘एरोकार’ नावाचा फिरता बंगला बनवला. विमान उडायचं तर हलकं हवं, हे त्यांना चांगलंच माहीत होतं. तीच युक्ती त्यांनी रस्त्यावर आणली.

आता मुख्य प्रश्न. मान हौद्यात का टेकवायची?

तुमच्या आजोबांना किंवा पणजोबांना बैलगाडीबद्दल विचारा. बैलगाडीत बैलांच्या मानेवर आडवं लाकूड असतं. त्याला ‘जू’ म्हणतात. गाडीत सामान भरताना शेतकरी ते कुठेही टाकत नाही. सगळं ओझं मागे टाकलं तर गाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. अशा वेळी गाडी ‘उलाळ’ झाली असं म्हणतात. सगळं ओझं पुढे टाकलं तर बैलांची मान मोडायची पाळी येते. थोडं वजन जुवावर पडलंच पाहिजे, पण फार नको.

ट्रेलरचंही अगदी असंच आहे. साध्या ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या जोडावर पडावं लागतं. ते कमी पडलं, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, तर तो वेगात असताना डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. माशाने शेपूट हलवावी तसा. हा झोका वाढत गेला तर ट्रकलाही ओढून नेतो, आणि मोठे अपघात होतात. फिफ्थ व्हीलमध्ये मात्र १५ ते २५ टक्के वजन पुढे पडतं, आणि तेसुद्धा ट्रकच्या मागच्या आसाच्या जवळजवळ बरोबर वर. बंपरच्या मागे लोंबकळत नाही. म्हणून तो झोके घेत नाही, बाजूने मोठा ट्रक गेला तरी फारसा डगमगत नाही. ज्यांनी दोन्ही प्रकार ओढले आहेत ते बहुतेक लोक सांगतील की फिफ्थ व्हील चालवायला शांत वाटतो.

पण याच फायद्याच्या पोटात तोटा आहे. तो नीट समजून घ्या, कारण ‘हलका’ या शब्दाने लोक इथेच फसतात.

समजा, एका कुटुंबाकडे हाफ-टन ट्रक आहे. हा आपल्या शेजारीपाजारी दिसणारा नेहमीचा पिकअप. (नाव हाफ-टन असलं तरी तो अर्ध्या टनापेक्षा बरंच जास्त ओझं घेतो; हे नावही जुन्या काळातलंच.) कॅम्परच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं: ‘हाफ-टन ट्रकने ओढता येईल! रिकामं वजन फक्त ६,००० पौंड!’ ट्रकच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं: ‘ओढण्याची ताकद ९,००० पौंड.’ सहा हजार हे नऊ हजारांपेक्षा कमी आहेत. मग अडचण काय?

अडचण अशी की ट्रक दोन वेगळी कामं करतो. एक ओढण्याचं, एक उचलण्याचं. ओढण्याची ताकद इंजिनाची. उचलण्याची ताकद स्प्रिंग, आस आणि टायर यांची. बैल गाडी ओढतो म्हणून त्याच्या पाठीवर तेवढंच ओझं ठेवता येत नाही, तसंच हे. ट्रकच्या ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक स्टिकर असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. हा आकडा जाहिरातीतला नाही, त्या एका ट्रकचा आहे. समजा, तिथे १,६५० लिहिलं आहे.

आता चला, हिशोब करू. माहितीपत्रकातलं ६,००० पौंड हे रिकाम्या घराचं वजन. रिकाम्या घरात कोणी राहत नाही. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३० पौंडांच्या वर गेलो, कारण एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचं असतं. त्यात बॅटरी, गॅस, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, कुकर, कढई, तवा, पोळपाट, दहा किलो तांदूळ आणि आईने ‘लागलंच तर’ म्हणून घेतलेल्या सगळ्या वस्तू. हजार पौंड कसे वाढतात ते कळतही नाही. झाले ७,०००. त्याचे २० टक्के मानेवर, म्हणजे १,४०० पौंड ट्रकच्या पाठीवर. हिच यंत्र १२० पौंड. चार माणसं मिळून ५६० पौंड. अवजारांची पेटी आणि बर्फाचा डबा १०० पौंड. बेरीज करा: १,४०० + १२० + ५६० + १०० = २,१८०.

स्टिकरवर होते १,६५०. म्हणजे ट्रकवर ५३० पौंड जास्त ओझं आहे, आणि तरीही तो ‘हलका’ कॅम्पर तो आरामात ओढतो आहे. सपाट रस्त्यावर ड्रायव्हरला काही जाणवणारसुद्धा नाही. जाणवेल ते लांबच्या उतारावर ब्रेक दाबताना, किंवा भर उन्हात टायर तापून फुटला तर.

याच वजनाचा साधा ट्रेलर असता तर? ७,००० चे १२ टक्के म्हणजे ८४० पौंड. फरक बघितलात? म्हणून एखादा हलका फिफ्थ व्हील त्याच्यापेक्षा जड साध्या ट्रेलरपेक्षाही ट्रकला अवघड जातो. माझ्या मते कॅम्परच्या दुकानात शिरण्याआधी माहितीपत्रक नव्हे, तर स्वतःच्या ट्रकचं दार वाचावं. ते कुटुंब एक तर मोठा ट्रक घेईल, ज्याची वाहण्याची क्षमता बरेचदा अडीच हजार पौंडांच्या वर असते, किंवा याहून लहान कॅम्पर शोधेल. आणि सगळं भरून झाल्यावर एकदा काट्यावर जाऊन येईल. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’ असा मोठा फलक असतो. तिथे थोड्या पैशांत पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. अंदाज संपतो, आकडा हातात येतो.

वजन कमी करतात तरी कसं? जुन्या पद्धतीच्या कॅम्परमध्ये लाकडी सांगाडा आणि त्यावर पत्रा असतो. हलक्या कॅम्परमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मध्ये फोम आणि बाहेरून फायबरग्लासचा पातळ थर असतो. हे सगळं एकावर एक दाबून चिकटवतात, सँडविचसारखं. अमेरिकेतले बहुतेक कॅम्पर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावाच्या आसपास बनतात, आणि तिथल्या कारखान्यांत ही पद्धत आता नेहमीची झाली आहे. याहून वेगळा एक प्रकार मिनेसोटातल्या बॅकस गावात बनतो. त्याचं नाव ‘स्कँप’. त्याचं फायबरग्लासचं कवच साच्यात बनवतात आणि वरचा व खालचा भाग अंड्याच्या दोन अर्ध्या कवचांसारखे जोडतात. त्यांचा १९ फुटी फिफ्थ व्हील जेमतेम तीन हजार पौंडांच्या आसपास असतो. लहान आहे, पण खरोखर हलका आहे.

सँडविच-भिंतीचा शत्रू म्हणजे पाणी. छताच्या कडेला, खिडकीभोवती किंवा दिव्याच्या भोकाशी जे रबरासारखं लुकण लावलेलं असतं, ते उन्हाने तडकतं. तिथून थेंब-थेंब पाणी आत शिरतं, गोंद सुटतो, आणि बाहेरचा थर पापडासारखा फुगतो. फुगलेली भिंत दुरुस्त करणं फार महाग पडतं. म्हणून वर्षातून निदान दोनदा शिडी लावून छप्पर तपासायचं. कोकणात पावसाळ्याआधी घराची कौलं चाळतात ना, तसंच. हलक्या कॅम्परला वजन वाचवण्यासाठी आणखीही काटछाट केलेली असते: टाक्या लहान, कपाटांच्या फळ्या पातळ, टायर गरजेपुरतेच. भरलेल्या वजनापेक्षा टायरची क्षमता किती जास्त आहे हे विकत घेण्याआधी बघावं. थोडीच जास्त असेल, तर प्रत्येक खड्ड्याला ते जाणवणार.

आता आत चला. दारातून आलात की बैठक आणि स्वयंपाकघर. इथे छत चांगलं उंच असतं, कारण फिफ्थ व्हीलमध्ये जागा भरपूर वाटावी अशीच रचना असते. मग दोन-तीन पायऱ्या चढून वर गेलं की झोपायची खोली. ती ट्रकच्या हौद्याच्या वर असते. मोठ्या कॅम्परमध्ये तिथे उभं राहता येतं, हलक्यात बहुतेक वेळा नाही. अंथरूण घालायचं तर गुडघ्यांवर रांगत घालायचं. आजीला रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर तिला ही खोली देऊ नका. खालचा सोफा उघडून द्या. आणि एकाने पाऊल टाकलं की सगळं घर थोडं हलतं. चारही कोपऱ्यांत टेकू लावले तरी थोडं हलतंच. पहिल्या रात्री झोप लागत नाही, तिसऱ्या रात्री लागते.

स्वयंपाकाचं सांगायलाच हवं. हे कॅम्पर बनवणाऱ्यांनी फोडणीचा विचार केलेला नसतो! मोहरी तडतडली, मिरची पडली, की डोक्यावरचा धुराचा अलार्म ओरडू लागतो. तो बंद करण्यासाठी कोणी त्याची बॅटरी काढून ठेवतं. असं कधीही करू नका. एवढ्याशा बंद घरात आग पसरायला वेळ लागत नाही. छतातला पंखा आधी लावा, समोरची खिडकी उघडा, मग तेल तापवा. जमिनीलगत दुसरा एक अलार्म दिसेल. तो गॅसचा. तो खाली का? कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीवर साठतो. बरेच लोक तळण आणि फोडणी बाहेर, छोट्या शेगडीवर करतात. मलाही तेच बरं वाटतं. नाहीतर आठवडाभर उशीला लसणाचा वास येतो.

विजेचा हिशोबही शिकण्यासारखा आहे. हलक्या कॅम्परला बहुतेक वेळा ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॅट. एसी साधारण १,५०० वॅट घेतो, मायक्रोवेव्हही तेवढेच, आणि विजेचा कुकर १,०००. तिन्ही एकदम लावलेत तर ४,०००, म्हणजे मर्यादा ओलांडली. म्हणून कॅम्परमध्ये राहणाऱ्या घरात एक वाक्य सारखं ऐकू येतं: “अगं, मी भात लावतेय, एसी बंद कर!”

पाण्याच्या टाक्या तीन. एक पिण्याच्या, वापरायच्या स्वच्छ पाण्याची. दुसरी भांडी आणि अंघोळीच्या पाण्याची. तिसरी संडासाची. इंग्रजी बोलणारे दुसऱ्या टाकीला करडी आणि तिसरीला काळी म्हणतात. मराठीत ‘काळं पाणी’ म्हटलं की अंदमानचा तुरुंग आठवतो. ही टाकी रिकामी करण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याला दोन्ही अर्थ पटतात. आधी काळी टाकी रिकामी करायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे विसरू नका. तेलकट कढई धुण्याआधी कागदाने पुसून घेतली तर पाणी खूप वाचतं. आपल्या स्वयंपाकात तेवढं तरी करावंच लागतं.

थंडीत एक गोष्ट नव्या लोकांना चकवते. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळत असतं, गादीची खालची बाजू ओली असते, आणि सगळे छत गळतंय म्हणून घाबरतात. बरेचदा ते पाणी तुमचंच असतं. चार माणसांचा श्वास, कुकरची वाफ, वाळत घातलेला टॉवेल. पातळ, थंड भिंतीवर ती वाफ निवते आणि थेंब होतात. गादीखाली हवा खेळेल अशी जागा ठेवा, आणि थंडी असली तरी छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी मात्र पेटवून ठेवायची नाही. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो मारू शकतो.

रस्त्यावर लक्षात ठेवायची पहिली गोष्ट उंची. बहुतेक फिफ्थ व्हील ११ ते १३ फूट उंच असतात, आणि छतावरचा एसी धरून मोजायचं असतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात रेल्वेचा एक पूल आहे. तो ११ फूट ८ इंच उंच होता. तिथे इतक्या ट्रकांची छपरं सोलून निघाली की तो पूल त्यासाठीच प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला. त्यानंतरही काही जण आपटलेच. तुमची उंची कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. डोक्यात ठेवलेला आकडा पुलासमोर आठवत नाही.

दुसरी गोष्ट वळण. फिफ्थ व्हीलची मागची चाकं कोपरा कापतात, म्हणून पेट्रोल पंपावर वळताना ट्रक नेहमीपेक्षा पुढे नेऊन मग वळवावा लागतो. ट्रकचा हौदा आखूड असेल तर अगदी काटकोनात वळताना कॅम्परची मान ट्रकच्या मागच्या काचेवर आदळू शकते. त्यासाठी मागे सरकणारे हिच मिळतात, पण ते जास्त जड असतात. आलं का लक्षात? पुन्हा वजन! मागे घेताना स्टीअरिंगच्या खालच्या टोकाला हात धरा. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायची तर उजवीकडे.

जोडताना घाई नको. किंगपिन हिचच्या खाचेत न शिरता पाटीच्या वरच बसला, तर जोड लागल्यासारखा दिसतो, पण जबडे मिटलेले नसतात. ट्रक पुढे गेला की सगळं घर हौद्याच्या कडांवर कोसळतं. म्हणून विजेरी घेऊन जबडे डोळ्यांनी बघायचे. मग ट्रेलरचे पाय जमिनीवर असतानाच, हाताने ट्रेलरचा ब्रेक लावून, ट्रक अगदी हळू पुढे ओढून बघायचा. हलला नाही तर जोड पक्का.

आणि मुक्कामाला पोहोचल्यावर फिफ्थ व्हीलचा मोठा फायदा दिसतो. घर तिथे सोडायचं आणि ट्रक घेऊन फिरायचं. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये ‘गोइंग टू द सन’ नावाचा डोंगरातला रस्ता आहे. त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. बसएवढी मोठी मोटरहोम असेल तर ती खालीच ठेवावी लागते आणि दुसरी सोय बघावी लागते. फिफ्थ व्हीलवाले घर खाली ठेवून नेहमीच्या मापाच्या पिकअपने वर जाऊ शकतात. फक्त हौद्यात सायकली नेता येत नाहीत, कारण तिथे हिच बसलेला असतो. मुलांना हा तोटा सगळ्यांत मोठा वाटतो.

आता एक गणित तुमच्यासाठी. एका ट्रकच्या दारावर २,७५० पौंड लिहिलं आहे. कॅम्पर सामान भरून ८,००० पौंडांचा आहे आणि त्याचं २२ टक्के वजन मानेवर पडतं. हिच १५० पौंडांचा. आई, बाबा, आजी आणि तुम्ही मिळून ५८० पौंड. बाबांना १२० पौंडांचा जनरेटर घ्यायचा आहे, आजीला लोणच्याच्या बरण्या आणि फराळाचा डबा धरून १०० पौंडांचं सामान. हे सगळं ट्रकमध्येच जाणार. निघायच्या आदल्या रात्री तुमचा चुलत भाऊ फोन करतो: “मीही येऊ का?” त्याचं वजन ११० पौंड. आधी बेरीज करा. मग घरातले सगळे काय-काय म्हणतील, आणि शेवटी काय मागे ठेवायचं ठरेल, ते आठ-दहा वाक्यांत मराठीत लिहा. आजीचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहायचं, बरं का.